रविवार, दहा ते अकरा

“तुला गाता येत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुला गायला कोण सांगतंय? नुसतं येऊन बसायचं,” मी बेकरीवाल्याला सांगत होते. त्याच्या चार शर्टांना नुकतीच इस्त्री करून झाली होती आणि गठ्ठा अजून माझ्याच हातात होता. कपडे ताब्यात असेपर्यंत माणूस निमूट ऐकून घेतो, हे इतक्या वर्षांच्या लाँड्रीनं मला शिकवलंय.

“पण वहिनी, तिथं करायचं काय असतं?”

“मी उठले की उठायचं, मी बसले की बसायचं. जांभई आली तर तोंड मिटून द्यायची.”

“आणि साहेबांनी विचारलं, दर रविवारी येता का, तर?”

“तर खोकायचं.”

तो हसला, पण येतो म्हणाला. माझे यजमान होते तेव्हापासूनचं त्याचं आमच्याकडे येणं-जाणं. माझा शब्द तो सहसा खाली पडू देत नाही. त्याच्या आधी मी रिटायर झालेल्या बसड्रायव्हरला गाठलं होतं, शाळेतल्या बाईंना आणि त्यांच्या आईला गाठलं होतं, आणि मुख्य म्हणजे माझ्या जाऊबाईंना. जाऊबाईंना एक गोष्ट सांगितली की बाकीच्या गल्लीला वेगळी सांगावी लागत नाही. शनिवार संध्याकाळपर्यंत बावीस माणसं कबूल झाली. मला धरून तेवीस.

ही सगळी धावपळ चालली होती आमच्या पाहुण्यासाठी.

पाहुणा म्हणजे माझा भाडेकरू, मिशनरी. नऊ वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आला तो एक पेटी आणि एक छत्री घेऊन. दारात उभा राहून म्हणाला, “बाईसाहेब, माझे वास्तव्य केवळ दोन वर्षांपुरते असेल.” तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि आमची भाषा पुस्तकातून शिकून आला होता. त्यामुळे भाजीवालीशीसुद्धा न्यायाधीशापुढे उभा असल्यासारखा बोलायचा. दोनच वर्षं राहणार म्हणाला म्हणून गल्लीनं त्याचं नाव पाहुणा ठेवलं. दोनाची नऊ वर्षं झाली, भाषा सुधारली, कानाजवळचे केस पिकायला लागले, पण नाव तेच राहिलं. तो मला मावशी म्हणायचा.

माझ्या घराच्या पुढच्या भागात दोन खोल्या आहेत. एकीत माझी लाँड्री. दुसरी त्यानं प्रार्थनेसाठी घेतली, आणि राहायला वरची लहान खोली. लाँड्री आणि प्रार्थनेची खोली यांच्यामध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. इकडे मला शिंक आली तर तिकडून तो “काळजी घ्या” म्हणणार, इतकं पातळ.

त्या खोलीत त्यानं सात खुर्च्या मांडल्या. सातच का, ते मी कधी विचारलं नाही. शनिवारी दुपारी त्या पुसायच्या, रविवारी दहाच्या ठोक्याला दार उघडायचं आणि उपासना सुरू करायची, असा त्याचा नेम. मी रविवारीही काम करते, सोमवारी सकाळी लोकांना कपडे हवे असतात. पहिल्याच रविवारी मी पार्टिशनच्या फटीतून डोकावून पाहिलं, तर सातही खुर्च्या रिकाम्या आणि हा कोट घालून समोर उभा. त्यानं गीत म्हटलं, प्रार्थना केली, काही वाचलं, वीस मिनिटं बोलला, पुन्हा गीत म्हटलं. अकरा वाजता एक जाड वही उघडली. वहीत तीन रकाने होते: तारीख, उपासनेसाठी आलेले, सही. मधल्या रकान्यात त्यानं शून्य घातलं, पुढे सही केली आणि वही कपाटात ठेवून दिली.

मला वाटलं, झालं, खोली वेड्याला दिली आपण.

पण वेडा नव्हता हो. गल्लीचा त्याच्यावर जीव होता. बाईंच्या आईच्या घोट्याचं हाड मोडलं तेव्हा यानंच तिला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठला. लोकांची बंद पडलेली घड्याळं उघडून बसायचा. शाळेत गणिताला माणूस मिळेना म्हणून बाईंनी त्याला बोलावलं, तर आमच्या पोरांना चक्क गणित आवडायला लागलं. सोमवार ते शनिवार त्याच्या दारात कोणी ना कोणी उभंच. रविवारी मात्र कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही. तो एक तास देवाचा होता, आणि आमच्या गल्लीची देवाशी फारशी ओळख नव्हती. कधी कोणी कुतूहलानं आत शिरलंच, तर पाच मिनिटांत गणिताची वही पुढे करायचं नाहीतर घड्याळ. असल्यांना तो रकान्यात धरायचा नाही.

तिसऱ्या वर्षी शाळेनं त्याला कायमची नोकरी देऊ केली. यानं नको म्हटलं. मी त्या दिवशी त्याला चांगलं फैलावर घेतलं.

“अरे, रिकाम्या खुर्च्यांपुढे घसा कोरडा करण्यापेक्षा शाळेत शिकव की. तेही देवाचंच काम नाही का?”

“आहे, मावशी. म्हणून तर अवघड आहे,” तो म्हणाला. “इथं लोकांनी मला दगड मारले असते ना, तर टिकून राहणं सोपं होतं. तुम्ही सगळे इतके चांगले वागता, की एखाद्या दिवशी मी इथं कशासाठी आलो तेच विसरून जाईन. घड्याळं दुरुस्त करणारा एक भला माणूस होऊन बसेन. म्हणून तो एक तास मी सोडत नाही.”

“आणि भला माणूस होण्यात वाईट काय आहे?”

“काहीच नाही. पण मला त्यासाठी पाठवलेलं नाही.”

मी कपाळाला हात लावला. पुढं बोलून उपयोग नव्हता. हा माणूस तापानं फणफणला असतानाही रविवारी दहाला कोट घालून उभा राहिला होता, आणि मी पार्टिशनवर इस्त्री आपटून “अरे झोप जाऊन” म्हणून ओरडत होते.

पाचव्या वर्षी त्याची आई गेली. एका शनिवारी पत्र आलं. पत्र येईपर्यंत तिकडे सगळं आटपूनही गेलं होतं, त्यामुळे निघण्यात अर्थ नव्हता. मी त्याला जेवायला बसवलं, पण घास काही खाली जाईना. वाईट वाटलं की त्याचे डोळे भरत नाहीत, कान लाल होतात. त्या दिवशी ते दिवसभर लाल होते. “उद्या राहू दे तुझी उपासना,” मी म्हटलं. त्यानं नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दहाला दार उघडल्याचा आवाज आला. मी कोणाची तरी पांढरी चादर टेबलावर पसरली होती. त्यानं नेहमीचं गीत सुरू केलं:

दार उघडे ठेव, प्रभू, मज उशीर होत आहे...

आणि थांबला. मी वाट पाहिली. पुढची ओळ येईना. त्या रिकाम्या खोलीत तो एकटा उभा आहे आणि त्याला ओळ सापडत नाही, हे मला भिंतीआडूनही दिसत होतं. मग माझ्याच तोंडून ती ओळ निघाली. गायले नाही, नुसती म्हटली:

वाटेत भेटले जे, त्यांना घेऊन येत आहे.

मी ती कधी पाठ केली नव्हती. पाच वर्षं दर रविवारी कानावर पडत होती, तेवढंच. पलीकडे त्याचा आवाज पुन्हा सुरू झाला तो शेवटपर्यंत थांबला नाही. इकडे जळका वास आला. चादरीवर इस्त्री तशीच राहिली होती. इतक्या वर्षांत माझ्या हातून जळालेला तो एकच कपडा. त्या ओळीबद्दल तो माझ्याशी कधी बोलला नाही आणि मीही विषय काढला नाही.

तर अशा या माणसाला मंगळवारी पत्र आलं. चहाचा कप हातात धरून त्यानं मला सरळ सांगितलं, त्याला लपवता येतच नाही काही. “मावशी, मिशनचे साहेब रविवारी पाहणीला येतायत. इथं कोणी येत नसेल तर ही जागा बंद करून मला दुसऱ्या देशात पाठवतील.”

“मग?”

“मग काय, जाईन.”

कान लाल झाले होते. मी म्हटलं, बरं. आणि तो वर गेल्याबरोबर चपला घालून जाऊबाईंकडे निघाले. मला मूल नाही. नऊ वर्षं ज्याच्या कोटाला मी इस्त्री केली, त्याला एका रकान्यापायी जाऊ देणार नव्हते मी.

रविवारी साडेनऊपासून माणसं यायला लागली. सात खुर्च्या पुरणार नाहीत म्हणून जो तो घरून स्टूल घेऊन आला. बेकरीवाल्यानं केसांना तेल लावलं होतं. साहेब म्हणजे उंच, म्हातारे गृहस्थ निघाले. प्रवासानं दमलेले दिसत होते. टोपी मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीत बसले. दहाला पाहुणा आत आला, समोर पाहिलं आणि जागच्या जागी थांबला. कान लाल. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहायला लागले.

सुरुवात बरी झाली. घोटाळा केला तो खिडकीनं. प्रार्थना चालू होती, सगळे अर्धे डोळे मिटून माझ्यावर नजर ठेवून बसले होते, आणि खिडकी वाऱ्यानं आपटायला लागली म्हणून मी ती लावायला उठले. मी उठले की उठायचं, असं मीच पढवलेलं. बावीस माणसं स्टुलं सरकवून उभी राहिली. मी घाईनं बसले, तशी एकवीस माणसं पुन्हा बसली. बसड्रायव्हर तेवढा उभाच राहिला, कारण तो उभ्यानं झोपला होता. मागून साहेबांच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकलाच होता की हसू, देव जाणे.

पाहुण्यानं डोळे उघडले नाहीत. प्रार्थना पुरी केली आणि बोलायला लागला. मला वाटलं होतं, आज भरलेली खोली पाहून गडी जरा आवाज चढवेल, साहेबांवर छाप पाडायला चार जड शब्द वापरेल. तसलं काही नाही. रिकाम्या खुर्च्यांपुढे जसा बोलायचा, तस्साच बोलला. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की नऊ वर्षं हा खुर्च्यांशी बोलतच नव्हता. ज्याच्याशी बोलत होता तो आजही तोच होता, आणि आम्ही तेवीस जण मध्ये स्टुलं टाकून बसलो होतो. मला आयुष्यात फारशी लाज वाटलेली नाही, पण त्या क्षणी वाटली.

शेवटी ते गीत झालं. बाकीचे ओठ हलवत होते. मी पुस्तक न बघता सगळी कडवी म्हटली. साहेब टोपी फिरवत माझ्याकडे बघत होते.

अकरा वाजले. त्यानं वही काढली, तारीख घातली, मधल्या रकान्यात शून्य लिहिलं आणि सही केली. मी शेजारीच उभी होते.

“पाहुण्या,” मी म्हटलं, “तेवीस माणसं होती. मी स्वतः मोजली.”

“हो, मावशी.”

“मग हे काय लिहिलंस?”

“रकान्यात विचारलंय, उपासनेसाठी किती आले. ही माणसं तुमच्यासाठी आली.”

“बरं, त्यांचं सोड. आणि मी?”

त्यानं पेन खाली ठेवलं. मला कोंडीत पकडायचं म्हणून नव्हे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं त्यानं, “तुम्ही कोणासाठी आलात, मावशी?”

तुझ्यासाठी, मूर्खा, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण ते बोलले असते तर त्या वहीतलं शून्य मीच खरं केलं असतं. “माझी इस्त्री तापतेय,” म्हणून मी बाहेर आले.

पार्टिशनमुळे पुढचं सगळं ऐकू आलंच. साहेब बराच वेळ वहीची पानं उलटत होते. मग म्हणाले, “मी अठ्ठावीस ठिकाणच्या वह्या तपासतो. सगळीकडे आकडे दर वर्षी वाढतात. अशी वही पहिल्यांदा पाहिली.” वही मिटल्याचा आवाज आला. “तुमच्यासारखा माणूस हलवणं माझ्या जिवावर येतं. पण नियम मी बनवलेला नाही.”

“मला माहीत आहे,” पाहुणा म्हणाला.

त्याला दोन आठवड्यांची मुदत मिळाली. जायचं होतं कुठल्याशा बंदराच्या गावी, जिथली भाषा त्याला पुन्हा पुस्तकातून शिकावी लागणार होती. ते पुस्तक घेऊन तो माझ्या टेबलाजवळ बसायचा आणि मी कपड्यांवर पाणी शिंपडत त्याचे पाठ ऐकायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिथल्या भाजीवालीचं काय होणार ते कळत होतं.

जायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या कोटाला इस्त्री करत होते. तो समोर उभा होता.

“मावशी, एक विचारू? नऊ वर्षं मी वाया घालवली का?”

असला प्रश्न त्यानं पहिल्यांदाच विचारला होता. मी कॉलर उलटी करून त्यावर इस्त्री दाबून धरली, हाताला काम असलं की बोलायला सोपं जातं.

“हा कोट मी आज कडक करून देतेय. उद्या बोटीवर तू त्यातच झोपशील आणि परवा तो बोळ्यासारखा होईल. म्हणून मी आज इस्त्री करायची नाही का?”

त्यानं कोट घेतला, आणि माझ्या हाताला हात लावून क्षणभर तसाच उभा राहिला. मी म्हटलं, “हो बाजूला, भाजेल.”

निरोपाला सगळी गल्ली आली. बेकरीवाल्यानं एवढे पाव बांधून दिले की पेटीपेक्षा ते गाठोडं मोठं झालं. जाऊबाई अशा रडल्या की लोकांना वाटलं त्यांचाच भाडेकरू. बाईंच्या आईनं त्याला दुरुस्त करायला एक घड्याळ आणलं होतं, जाता जाता बघ म्हणून. त्यानं खरंच उभ्या उभ्या उघडून पाहिलं. प्रार्थनेच्या खोलीची किल्ली त्यानं माझ्या हातात दिली.

“ती वही साहेबांनी नेली नाही का?” मी विचारलं.

“त्यांनी हवं ते उतरवून घेतलं. राहू द्या इथंच. पानं शिल्लक आहेत अजून.”

आला तसा गेला, एक पेटी आणि एक छत्री घेऊन.

पहिल्या रविवारी मी कामाला बसले खरी. दहाचे ठोके पडले आणि माझा हात आपोआप हळू झाला. पलीकडून दार उघडल्याचा आवाज येणार नव्हता, हे काय मला माहीत नव्हतं? तरी कान तिकडेच. पाच मिनिटं गेली. मग मी इस्त्री बंद केली, ती उभी करून ठेवली, किल्ली घेतली आणि पलीकडे गेले.

खुर्च्यांवर आठवड्याची धूळ होती. शनिवारी पुसायला हव्या होत्या, माझं चुकलंच. सातही पुसून मी पहिल्या खुर्चीत बसले. काय करायचं ते सुचेना. प्रार्थना मला येत नाही. शेवटी गीताची पहिली ओळ म्हटली. पार्टिशनपलीकडून दुसरी ओळ म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून तीही मीच म्हटली.

मग कपाटातून वही काढली. शून्यामागून शून्य, पानंच्या पानं. हात कुठेही घाई केल्यासारखा दिसत नव्हता, शेवटचं शून्यही पहिल्याइतकंच गोल होतं. पाचव्या वर्षाचं पान मी शोधून काढलं, त्याची आई गेल्याचं पत्र आलं त्यानंतरचा रविवार. तेवढ्याच एका ठिकाणी खाडाखोड होती. आधी एक लिहिला होता. मग त्यावर रेघ मारून शेजारी शून्य काढलं होतं. त्या रेघेवर शाई जरा पसरली होती. बराच वेळ पेन टेकवून बसला असणार.

मी त्या पानावर हात ठेवून बसले. डोळ्यांना धार लागली होती, पुसायला कोणाची भीड नव्हती.

मग शेवटचं लिहिलेलं पान काढलं आणि खाली आजची तारीख घातली. पेन हातात धरून विचार केला, मी कोणासाठी आले? पाहुण्यासाठी आले असं म्हणावं, तर तो इथं नव्हता. त्याच्या देवासाठी म्हणावं, तर त्याची माझी अजून धड ओळख नाही. मला ठरवता येईना. आणि ठरवता येत नसताना त्या वहीत उगाच एक लिहायची माझी हिंमत झाली नाही.

मी शून्य लिहिलं. पुढे सही केली, आणि अकरा वाजेपर्यंत तिथंच बसून राहिले.